लघुशंका

‘लघुशंका’ हा शब्द ज्याने प्रथम योजला, तो माणूस मोठा सभ्य असला पाहिजे आणि थोडा मिस्कीलही. देहाची एक रोजची गरज सांगायची, पण तिचे नाव घ्यायचे नाही, म्हणून त्याने तिला शंकेचे रूप दिले, तीही लहानशी. वर्गात मुलाने करंगळी वर केली की मास्तरांना कळते, शंका कोणती. खेड्यापाड्यांत ‘जरा बाहेर जाऊन येतो’ एवढ्यावर भागते. या गोष्टीविषयी न बोलण्याच्या नाना तऱ्हा मराठी माणसाने शोधून ठेवल्या आहेत.

तेव्हा दिवाळी अंकाच्या सुग्रास ताटात हा विषय वाढल्याबद्दल वाचकांची क्षमा मागणे भाग आहे. फराळ बाजूला ठेवून वाचा असे मात्र मी म्हणणार नाही. कारण मला जे सांगायचे आहे, ते त्या गरजेविषयी कमी आणि शंकेविषयी अधिक आहे.

मी शाळामास्तर आहे आणि सवडीने कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबऱ्यांतून मिळून सात-आठ म्हातारी माणसे येऊन गेली. ती खोकतात, जुन्या आठवणी काढतात, मुलांच्या भांडणात मधे पडून अपमान करून घेतात आणि एखाद्या प्रकरणाच्या शेवटी शांतपणे मरतात. त्यांतले एकही माणूस रात्री उठत नाही. रात्र झाली की मी दिवा मालवतो आणि पुढचे प्रकरण सकाळी सुरू करतो. लेखकाला ही सोय आहे. माझ्या स्वतःच्या घरात मात्र गेली सहा वर्षे रात्र अशी एका ओळीत संपलेली नाही. साडेअकरा, दीड, पावणेतीन, साडेचार असे तिचे चार तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या सांध्यावर माझे वडील खाटेवरून उठतात.

आमचे घर खटाव तालुक्यात आहे. आगगाडीच्या डब्यासारख्या एकामागे एक तीन खोल्या, शेवटी स्वयंपाकघर आणि त्यामागे न्हाणी. अण्णांची खाट पुढच्या खोलीत; मधल्या खोलीत आम्ही नवराबायको. म्हणजे अण्णांना न्हाणीकडे जायचे तर आमच्या पायथ्याशी असलेल्या हातभर वाटेनेच जावे लागते. ते दिवा लावत नाहीत. खाट करकरते, मग थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, मग भिंतीवरून हात फिरल्याचा खरखर आवाज. आमच्या पायाशी आले की ते क्षणभर थांबतात. मग मागच्या दाराची कडी वाजते. वाजते म्हणजे वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरल्यावर जेवढी वाजायची तेवढी. परतीचा प्रवास याच क्रमाने उलटा.

हे सारे मला इतके तपशिलाने ठाऊक आहे, कारण त्या वेळी मी जागा असतो. आणि डोळे मिटून पडलेला असतो.

‘झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही,’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर सुविचार म्हणून लिहीत आलो आहे. मुले ते वहीत उतरवून घेतात. माझी शंका अशी, की झोपेचे सोंग नेहमीच वाईट असते काय?

उत्तर द्यायला घाई करू नये. एक म्हातारा माणूस अंधारातून चाचपडत चालला आहे. धोतर सावरताना त्याची तारांबळ होते आहे. एखादे वेळी न्हाणीपर्यंत निभावत नाही, मग तो मागच्या दाराशी उभा राहून लुगड्याच्या जुन्या फडक्याने फरशी पुसतो. अशा वेळी मुलाने ताडकन उठून दिवा लावावा हे बरे, की डोळे मिटून पडावे हे बरे? पहिल्या वर्षी मी दोन-तीनदा उठलो होतो. ‘काय हवंय अण्णा?’ म्हणालो होतो. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते पुन्हा बघायची माझी इच्छा नव्हती. चोरी करताना पकडल्यासारखे ते उभे होते. म्हणून मी झोपायला शिकलो. त्यांची लाज झाकायला आपले डोळे मिटावेत, यात मला एक प्रकारचा आदर वाटला. अजूनही थोडा वाटतो.

अण्णा एस. टी.त चालक होते. १९७४ साली लागले आणि २००३ साली निवृत्त झाले. त्यांची पुष्कळशी नोकरी मुक्कामी गाडीवर गेली. संध्याकाळी गाडी घेऊन आडगावी जायचे, रात्री गाडीतच झोपायचे आणि पहाटे पहिली फेरी घेऊन तालुक्याला यायचे. घाटात चार-चार तास जागचे हलता येत नसे. त्या काळात त्यांचे मूत्राशय त्यांच्या ब्रेकसारखे हुकमी होते, असे ते स्वतःच एकदा म्हणाले होते. एरवी या विषयावर ते बोलत नाहीत.

त्यांच्या नोकरीतल्या दोन गोष्टी इथे सांगितल्या पाहिजेत. एक अशी की, गर्दीच्या गाडीत एखादी म्हातारी बाई दांड्याला धरून उभी राहिली की बाकांवरचे तरुण एकाएकी झोपी जात. अण्णा म्हणत, ‘आरशात मला सगळं दिसायचं. खरा झोपलेला माणूस वळणावर कलंडतो. सोंगाड्या कलंडत नाही.’

दुसरी गोष्ट अशी की, लांबच्या फेरीला एखादे म्हातारे माणूस दोनदा-तीनदा जागेवरून उठून पुढे बघू लागले, की अण्णा पुढच्या झाडाखाली गाडी उभी करत आणि ‘मागच्या चाकाचा आवाज येतोय, बघून येतो’ म्हणून खाली उतरत. चाकाला काही झालेले नसे. ते उगाच टायरला दोन लाथा मारत, दहा मिनिटे रेंगाळत. तेवढ्यात ज्याला जायचे तो जाऊन येई. त्याच्याबरोबर आणखी चार जणही उतरत. एका वेळी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, नऊ-दहा वर्षांचा असेन. मी विचारले, खोटे कशाला सांगितले? ते म्हणाले, ‘म्हाताऱ्या माणसाला विचारायला लावू नये रे.’

पुढे मी मास्तर झालो आणि विचारायला लावणे हाच माझा धंदा झाला.

२००४ च्या सुमाराची गोष्ट. नोकरी नवी होती, वर्गावर वचक बसवायची हौस होती. शुद्धलेखन चालले होते. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने करंगळी वर केली. मी ‘बस’ म्हणालो. परिच्छेद अर्धा झाला, त्याने पुन्हा करंगळी वर केली. हा शुद्धलेखन चुकवतो आहे अशी माझी खात्री होती. तसा त्याचा लौकिकही होता. तिसऱ्या वेळी मी त्याच्याकडे पाहिलेही नाही. थोड्या वेळाने बाकाखालून पाण्याचा एक ओघळ फळ्याकडे येऊ लागला आणि सारा वर्ग हसला. तो मुलगा मान खाली घालून लिहीत राहिला. त्या दिवशीचे त्याचे शुद्धलेखन मी तपासले; एकही चूक नव्हती. पुढे चार दिवस तो शाळेत आला नाही. आज तो तालुक्याच्या गावी मोबाइलचे दुकान चालवतो आणि मला पाहिले की उठून नमस्कार करतो. मला तो नमस्कार घेववत नाही.

माणसाच्या हाती दुसऱ्या माणसाच्या देहाची सत्ता येते ती बहुधा अशा क्षुल्लक वाटेने येते. तुरुंग, शाळा, दवाखाना, एस. टी., आणि घर. ‘थांब’ म्हणायचा अधिकार ज्याला आहे, त्याला त्या थांबण्याचा अर्थ क्वचितच कळतो.

आता थोडे देहाविषयी. डॉक्टर मंडळींकडून आणि पुस्तकांतून मला जे समजले ते माझ्या भाषेत सांगतो. तरुण माणसाच्या मेंदूतून रात्री ‘व्हासोप्रेसिन’ नावाचा एक रस अधिक सुटतो. तो मूत्रपिंडांना निरोप देतो की पाणी राखून ठेवा, धनी झोपला आहे. उतारवयात हा निरोप क्षीण होतो. मग मूत्रपिंडे रात्रपाळीलाही दिवसासारखेच काम करतात. दुसरे असे की, म्हातारपणी दिवसभर बसून-उभे राहून पायांत पाणी उतरते. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ उठतो तो त्यामुळेच. माणूस आडवा झाला की हे पाणी रक्तात परत येते आणि रक्तातून मूत्राशयात. म्हणजे दिवसा पायांत साठवलेला दिवस रात्री निचरतो. पुरुषांच्या मूत्रमार्गाभोवती प्रोस्टेटची गाठ असते. पन्नाशी-साठीनंतर ती निम्म्याअधिक पुरुषांत वाढलेली असते आणि मूत्राशय पुरते रिकामे होऊ देत नाही. शिवाय मधुमेह आहे, हृदयाचा अशक्तपणा आहे, झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे. प्रत्येक जण रात्रीचे दार वाजवतो. बायकांची यातून सुटका आहे असे समजू नये. त्याही तितक्याच उठतात. फक्त त्यांचे उठणे कुणाच्या कानावर जात नाही, कारण घरातली बाई रात्री उठलेली असणे हे आपल्याला स्वाभाविकच वाटते.

२००२ साली या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या त्रासाची व्याख्या केली, ती मोठी उदार आहे. लघवीसाठी रात्री एकदा जरी झोपेतून उठावे लागले, तरी तो त्यात बसतो. सत्तरी ओलांडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे या व्याख्येत येतात. म्हणजे रात्री दोनच्या सुमाराला आपल्या गल्लीत कितीतरी म्हातारी माणसे अंधारात भिंती चाचपत उभी असतात. हे आपल्या साहित्यात नाही, मग ते दिवसा कुणी बोलणार कसे?

चरकसंहितेत सूत्रस्थानातला सातवा अध्याय ‘न वेगान्धारणीय’ या नावाचा आहे. देहाचे जे वेग अडवू नयेत असे तेरा वेग तिथे सांगितले आहेत. पहिलाच मूत्राचा. त्याच यादीत पुढे तहान आहे आणि झोपही आहे. हा अध्याय मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आले. कारण हे तिन्ही वेग आमच्या घरात एकमेकांविरुद्ध उभे ठाकले होते. मूत्राचा वेग अण्णांचा, तहान अण्णांची आणि झोप माझी. तिघांपैकी एकाला तरी अडवल्याशिवाय रात्र पार पडत नव्हती. चरकाने एका देहाचा विचार केला आहे. एका छपराखाली तीन देह राहतात, तेव्हा कुणाचा वेग कुणी अडवावा, हा प्रश्न वैद्यकाचा राहत नाही.

तो सोडवायला आम्ही जे केले ते सांगतो.

अण्णांना मी तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे नेले होते. त्यांनी घाईत का होईना, पण सल्ला योग्यच दिला होता. ‘संध्याकाळी सातनंतर पाणी कमी घ्या, चहा नको.’ घरी आल्यावर तो मी अण्णांना पुन्हा समजावून सांगितला. ‘रात्री पाणी कमी पीत जा अण्णा, म्हणजे तुम्हाला उठावं लागणार नाही.’ या वाक्यातल्या ‘तुम्हाला’ या शब्दापाशी मी आज अडतो. ते उठले की माझी झोप मोडते, दुसऱ्या दिवशी वर्गात मी चिडतो, संध्याकाळी लेखन होत नाही, हे सगळे त्या एका ‘तुम्हाला’च्या पोटात दडवलेले होते. सल्ला खरा होता, हित त्यांचेच होते, आणि तरीही मी खोटे बोललो होतो. खऱ्या वाक्यात खोटे बोलता येते, हे व्याकरणात शिकवत नाहीत.

अण्णांना ‘तुम्हाला’चा अर्थ बरोबर कळला असावा. दुसऱ्या दिवसापासून रात्रीच्या जेवणात ते पेला हातात धरून माझ्याकडे बघू लागले. ‘अर्धा घेऊ का?’ असे विचारू लागले. तीस वर्षे दुसऱ्याला विचारायला न लावणारा हा माणूस, आणि त्याने मुलाला विचारायचे पाणी पिऊ का म्हणून! मला त्यात तिसऱ्या बाकावरची करंगळी दिसायला हवी होती. दिसली नाही. मी म्हणालो, ‘घ्या की अर्धा.’ उदारपणे म्हणालो.

पुढे कळले की त्यांनी पाणी केवळ रात्रीचे नव्हे, दिवसाचेही तोडले होते. हिशेब सरळ होता. टाकीत कमी भरले तर कमी निघेल.

माझ्या पत्नीविषयी इथे दोन शब्द लिहिले पाहिजेत, नाहीतर हे सारे कथन एकतर्फी होईल. तीही रात्री जागी असते. तिला उठता येत नाही, कारण सुनेने पाहिले तर अण्णा दुसऱ्या दिवशी जेवणारच नाहीत. तेव्हा सोंग तीही घेते. पण निजण्यापूर्वी ती वाटेतली सगळी पायताणे उचलून ठेवते, न्हाणीची फरशी कोरडी करते, फडके हाताशी येईल असे कडीला अडकवते आणि मग डोळे मिटते. मी एकदा तिला माझा आदराचा सिद्धान्त सांगितला. ती म्हणाली, ‘अहो, तुम्ही आधी फरशी पुसा, मग झोपेचं सोंग घ्या.’ कादंबरीकाराच्या बायकोला विचार करायला सवड नसते असे म्हणतात. ते खोटे आहे. ती तो काम करताना करते, एवढेच.

त्या दिवसापासून मला अण्णांच्या टायरची आठवण अधिक येऊ लागली. सोंग त्यांनीही घेतले होते. पण त्यांच्या सोंगाची किंमत ते स्वतः देत. दहा मिनिटे उशीर होई, वरच्या साहेबाची बोलणी बसत, उन्हात उभे राहावे लागे. माझ्या सोंगाची किंमत कोण देत होता? मला तर ते सोंग ऊबदार पडत होते. माघातल्या रात्री आमच्याकडे हाडे गोठवणारी थंडी असते; तेव्हा पितृभक्ती आणि गोधडी यांतले मला नक्की काय सोडवत नव्हते, याचे उत्तर फार अवघड नाही. तरीही केवळ किंमतीवरून निवाडा करावा असे मला वाटत नाही. फुकटचा सद्गुणही सद्गुण असू शकतो. मी थंडीने कुडकुडत डोळे मिटले असते तर अण्णांची लाज अधिक झाकली गेली असती असे नाही. पण आपली सोय आणि दुसऱ्याची अब्रू जेव्हा एकाच बाजूला उभ्या असतात, तेव्हा आपण कुणासाठी वागलो हे आपल्यालाच कळायचा मार्ग बंद होतो. तो कळला तर एखाद्या रात्रीच कळतो.

२०२४ च्या एप्रिलातली ती रात्र. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे पत्र्याखाली भट्टीच. पावणेतीनची वेळ. खाट करकरली. भिंतीवरून हात आला. आमच्या पायाशी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मग कडी वाजली. मग एक आवाज आला. मोठा नव्हता, धान्याचे पोते जमिनीवर टेकवावे तसा.

मी जागा होतो. मी वाट पाहिली. कशाची? कडी पुन्हा वाजते का याची. काही पडले असेल, बादली असेल, ते उचलत असतील. आपण उठलो तर त्यांना संकोच होईल. हे सगळे विचार माझ्या मनात रीतसर, एकामागून एक, शुद्ध मराठीत येऊन गेले. किती वेळ गेला? एक श्लोक सावकाश म्हणायला लागेल तेवढा. तेवढ्यात पत्नी माझ्या अंगावरून पलीकडे गेली होती आणि दिवा लागला होता.

डाव्या मनगटाचे हाड मोडले होते आणि कपाळाला खोक पडली होती. मांडीचे हाड वाचले हे नशीब. या वयात ते मोडले की माणूस पुष्कळदा परत चालत नाही. दवाखान्यात दुसरे डॉक्टर होते. त्यांनी आडवे आणि उभे असा दोनदा रक्तदाब घेतला. उभे राहताच तो खाली येत होता. अंगात पाणी नाही म्हणाले. सातनंतर कमी याचा अर्थ दिवसाही कमी असा होत नाही, उलट दिवसा नीट प्यायले पाहिजे. उठल्यावर मिनिटभर खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचे, मगच उभे राहायचे. लघवीला बसून जायचे. उभ्याने करताना म्हाताऱ्या माणसांना कधी कधी तिथल्या तिथे घेरी येते. दिवा लावायचा. हे सगळे इतके साधे होते, की ते सहा वर्षे मला का सुचले नाही याची लाज वाटावी.

सकाळी अण्णा शुद्धीवर पूर्ण आले, प्लास्टर बघितले आणि मला म्हणाले, ‘तुझी झोप मोडली.’

महाभारतात ययाती आपले म्हातारपण मुलांना देऊ करतो. चौघे नाकारतात. त्यांपैकी अनू जे कारण देतो ते मला कधी विसरता आले नाही: म्हातारा माणूस लहान मुलासारखा अवेळी खातो, अशुचि असतो, वेळेवर अग्नीत आहुती देऊ शकत नाही. इतर भाऊ सुरकुत्या आणि शक्तिपात यांच्याविषयी बोलतात. हा एकटा अशुचीचे नाव घेतो. पुरू मात्र ते म्हातारपण घेतो, हजार वर्षे. त्या हजार वर्षांच्या रात्री पुरूने कशा काढल्या, हे व्यासांनीही सांगितलेले नाही. आपण शाळेत पुरूचे गुणगान करतो आणि चौघांना नालायक ठरवून मोकळे होतो. मी मात्र त्या रात्रीनंतर अनूला शिव्या देत नाही. तो निदान दिवसाढवळ्या, बापाच्या तोंडावर नाही म्हणाला. त्याने झोपेचे सोंग घेतले नाही.

पण दोष एकट्या मुलाच्या पदरात टाकला की हिशेब संपतो असेही नाही. अण्णांनी दिवा का लावला नाही? आम्हाला त्रास होऊ नये म्हणून. पाणी का तोडले? त्याच कारणासाठी. हा त्यांचा चांगुलपणा आहे यात शंका नाही. परंतु हा चांगुलपणा त्यांना शिकवला कुणी? कुणी म्हातारे गेले की आपण काय बोलतो ते आठवून पाहावे. ‘शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही.’ ‘कुणाकडून करून घेतलं नाही, उठता-बसता गेले.’ मृतासाठी म्हटलेली ही वाक्ये मृताला ऐकू जात नाहीत. ती ऐकतात ओसरीवर बसलेली इतर म्हातारी माणसे. त्यांना कळते की आपली परीक्षा कोणत्या विषयात होणार आहे. मग ती अंधारात चालायला शिकतात, कडी दोन हातांनी धरायला शिकतात, तहान गिळायला शिकतात. चरकाच्या त्याच अध्यायात मनाचे कोणते वेग आवरावेत याचीही यादी आहे: लोभ, शोक, भय, क्रोध, गर्व, मत्सर आणि असेच काही. निर्लज्जपणा आवरावा असेही तिथे म्हटले आहे. लाज आवरावी असे म्हटलेले नाही. कदाचित त्या काळी ती इतकी वाढली नसेल.

असो. प्लास्टर असतानाच डॉक्टरांनी एक काम सांगितले. तीन दिवस, चोवीस तास, किती वाजता आणि किती होते ते मोजून लिहून आणायचे. मी एक मापाचे प्लास्टिकचे भांडे आणले आणि शाळेतली दोनशे पानी वही दिली. मला वाटले अण्णा संकोचाने नाही म्हणतील. घडले उलटेच. कागद आणि वेळ म्हटल्यावर त्यांच्यातला चालक जागा झाला. त्यांनी पट्टी घेऊन उजव्या हाताने वहीत रकाने आखले: सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, माप, शेरा. सहा वर्षे ज्या गोष्टीचा उच्चार झाला नव्हता, ती लॉगशीटवर चढल्याबरोबर सरकारी कामाइतकी सोज्ज्वळ झाली. ‘१.३५ सुटली. १.३८ पोहोच. १८० मिली. वाटेत अडथळा नाही.’ मी वाचून हसलो आणि तेही हसले.

तिसऱ्या दिवशी वही घेऊन निघण्यापूर्वी मी शेऱ्याचा रकाना पुरता वाचला. पहिल्या रात्री पावणेतीनच्या नोंदीपुढे लिहिले होते: ‘मधला प्रवासी जागा.’ दुसऱ्या रात्री: ‘मधला प्रवासी जागा. कलंडला नाही.’ तिसऱ्या रात्री नुसते ‘जागा’.

मी त्यांना काही विचारले नाही. त्यांनीही वही माझ्या हातात देताना काही म्हटले नाही. चष्मा पुसत बसले होते.

डॉक्टरांनी शेरे वाचले नाहीत, आकड्यांची बेरीज केली. दिवसा सातशे मिलीलीटर आणि रात्री पहाटेच्या पहिल्या वेळेसह आठशे. या वयात रात्रीचा वाटा एकतृतीयांशाच्या आत असावा, इथे तो निम्म्याहून जास्त होता. दोष मूत्राशयाचा कमी आणि पायांचा जास्त, असे ते म्हणाले. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते आणि ती गोळी अण्णा रात्री जेवणानंतर घेत होते. ती सकाळी केली. दुपारी दोन तास पाय उशीवर उंच करून पडायला सांगितले. न्हाणीच्या वाटेवर मी पाच वॅटचा दिवा लावला, तो रात्रभर जळतो. सुताराकडून भिंतीला लाकडी कठडा बसवून घेतला. रात्रीच्या जेवणात पाण्याचा पेला पत्नी न विचारता भरून ठेवते. अण्णा तो कधी पुरा घेतात, कधी अर्धा.

आता ते चारऐवजी दोनदा उठतात. पहिल्या वेळी मी उठतो. बरोबर जात नाही. मलाही जायचे असल्यासारखा त्यांच्या मागून जाऊन येतो, आणि या वयात ते बहुधा खरेही असते. दुसऱ्या वेळी, पहाटे साडेतीनला, मी पुष्कळदा खरोखरच झोपलेला असतो. कधी कधी नसतोही.